श्रवण-मज्जातंतूवरील सौम्य गाठ : उपचारांचा इतिहास आणि ‘यशा’ची बदलती व्याख्या

प्रस्तावना

वैद्यकशास्त्रात काही आजार असे आहेत की, सामान्य वाचकाला त्यांचे नावही ठाऊक नसते. परंतु त्यांच्यावरील उपचारांची वाटचाल पाहिली असता त्या शास्त्राच्या विचारपद्धतीत झालेले बदल स्पष्टपणे दिसू लागतात. आतील कान आणि मेंदू यांना जोडणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर वाढणारी सौम्य गाठ हा अशा आजारांपैकी एक होय. दीर्घकाळ ही गाठ ‘अकौस्टिक न्यूरोमा’ या नावाने ओळखली गेली. वस्तुतः हे नाव दोन्ही अंगांनी सदोष आहे. गाठ बहुधा ऐकण्याच्या तंतूंवर न उगवता शरीराचा तोल सांभाळणाऱ्या तंतूंवर उगवते, आणि ती मज्जापेशींची नसून तंतूंभोवती आवरण तयार करणाऱ्या श्वॉन पेशींची असते. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेत ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ हे नाव वापरावे, अशी शिफारस करण्यात आली ती याच कारणाने.

ही गाठ कर्करोगाची नाही. ती शरीरात अन्यत्र पसरत नाही आणि सामान्यतः अतिशय संथ गतीने वाढते. तिचा धोका आहे तो तिच्या जागेमुळे. कानामागील हाडात सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा एक अरुंद बोगदा असतो. ऐकण्याचा, तोलाचा आणि चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारा असे मज्जातंतू त्यातून एकमेकांना बिलगून जातात. गाठ या बोगद्यात जन्म घेते, तेथे जागा अपुरी पडली की मेंदूच्या बाजूने बाहेर येते आणि अखेरीस श्वसन व हृदयगती यांचे नियंत्रण करणाऱ्या मस्तिष्कस्तंभाला रेटू लागते. ‘सौम्य’ हे विशेषण पेशींच्या स्वभावाला लागू पडते. आजाराच्या परिणामाला ते नेहमीच लागू पडेल असे नाही.

या आजाराचा इतिहास बहुधा साधनांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी बोट, मग सूक्ष्मदर्शक, मग किरण. प्रस्तुत लेखात त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. प्रत्येक कालखंडात ‘उपचार यशस्वी झाला’ असे कशाला म्हणायचे, याची व्याख्या बदलत गेली. या बदलत्या व्याख्येचा मागोवा घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

ज्ञान होते, उपाय नव्हता (१७७७ ते १८९४)

या गाठीचे पहिले वर्णन नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे शरीररचनाशास्त्रज्ञ एडुआर्ड सँडिफोर्ट यांनी १७७७ मध्ये केले. शवविच्छेदन करताना त्यांना उजव्या श्रवण-मज्जातंतूला चिकटलेली एक कठीण गाठ आढळली. मृत व्यक्तीच्या बहिरेपणाशी तिचा संबंध त्यांनी जोडला आणि अशी गाठ औषधाच्या व शस्त्राच्या आवाक्याबाहेरची आहे, असेही नमूद केले. पुढील शतकभर या मतात फरक पडण्याजोगे काही घडले नाही. १८२२ मध्ये एडिंबरोचे शल्यचिकित्सक जे. एच. विशार्ट यांनी दोन्ही बाजूंना अशा गाठी असलेल्या एका तरुण रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. १८३० च्या सुमारास चार्ल्स बेल यांनी, आणि त्यानंतर फ्रान्समध्ये झां क्रुव्हेलिए यांनी रुग्णाच्या हयातीतील लक्षणे व मृत्यूनंतर सापडलेली गाठ यांची सांगड घालून दाखविली.

या टप्प्यावर यशाचा अर्थ ‘आजार ओळखणे’ एवढाच होता, आणि ओळखही मृत्यूनंतर पटत असे. १८४६ मध्ये ईथरच्या साहाय्याने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. मेंदूचा कोणता भाग कोणते कार्य करतो याविषयीचे प्रयोगही १८७० च्या दशकात पुढे सरकले. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच कवटी उघडण्याचा विचार शक्यतेच्या कक्षेत आला.

प्राण वाचविणे हेच यश (१८९४ ते १९१७)

१८९४ मध्ये लंडनचे चार्ल्स बॅलन्स यांनी कवटीच्या या कोपऱ्यातील गाठ काढली. मस्तिष्कस्तंभ आणि गाठ यांच्यामध्ये बोट घालून ती सोडवावी लागल्याचे त्यांनी नोंदविले आहे. रुग्ण महिला वाचली आणि पुढे अनेक वर्षे जगली. मात्र चेहऱ्याची एक बाजू निकामी झाली, संवेदना गेली आणि त्याच बाजूचा डोळाही काढावा लागला. ती गाठ खरोखर आठव्या मज्जातंतूचीच होती की मेंदूच्या आवरणाची, याविषयी नंतर शंका घेण्यात आली. त्यामुळे पहिल्या निर्विवाद यशाचा मान अनेक इतिहासकार १८९५ मधील एडिंबरोच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांच्या शस्त्रक्रियेला देतात. त्यांची रुग्ण गरोदर होती. ती बरी झाली आणि तिने पुढे निरोगी बालकाला जन्म दिला.

ही दोन उदाहरणे अपवादात्मक होती. १९१३ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेच्या काळात युरोपातील नामांकित शल्यचिकित्सकांच्या हातून या शस्त्रक्रियेत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशापासून चार पंचमांशापर्यंत होते. कारणे समजण्याजोगी होती. रुग्ण शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचे तेव्हा त्याची दृष्टी अधू झालेली असे, चालताना झोक जात असे आणि कवटीतील दाब धोक्याच्या पातळीला गेलेला असे. पुरेसा उजेड नाही, रक्तस्राव थांबविण्याची खात्रीशीर साधने नाहीत, अशा स्थितीत बोटाने गाठ ओढून काढताना मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरविणारी बारीक धमनी तुटत असे. या धमनीचे महत्त्व डब्ल्यू. जे. ॲटकिन्सन यांच्या अभ्यासातून नेमकेपणाने प्रस्थापित व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. कानातील हाडाच्या मार्गाने गाठीपर्यंत जाण्याची कल्पना १९०४ मध्ये रुडॉल्फ पान्से यांनी मांडली होती आणि नेदरलँड्समधील एफ. एच. क्विक्स यांनी १९११ च्या सुमारास ती अमलातही आणली. परंतु त्या अरुंद वाटेने, नुसत्या डोळ्यांनी, मोठी गाठ काढणे अशक्यप्राय असल्याने ही वाट लवकरच सोडून दिली गेली.

हार्वे कुशिंग : रुग्णाच्या कथनाला महत्त्व

अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या कार्याची दखल बहुतेक वेळा मृत्युदराच्या आकड्यांनी घेतली जाते, आणि ते आकडे विलक्षण आहेतच : १९१७ मध्ये सुमारे २० टक्के, तर १९३१ पर्यंत सुमारे ४ टक्के. कवटीचा भाग दोन्ही बाजूंनी मोठा उघडणे, गाठीचे बाहेरचे आवरण जागेवर ठेवून आतील भाग पोखरून काढणे, रक्तवाहिन्यांना चांदीच्या चिमट्या लावणे आणि १९२६ पासून विद्युत-दहनाने रक्तस्राव थांबविणे ही त्यांच्या पद्धतीची प्रमुख अंगे होत.

तथापि, कुशिंग यांचे अधिक टिकाऊ योगदान निदानाच्या बाबतीत आहे. रुग्णाला आधी काय झाले, नंतर काय झाले, हा क्रम त्यांनी काळजीपूर्वक नोंदविला. सर्वप्रथम एका कानाचे ऐकणे कमी होते व कर्णनाद सुरू होतो. पुढे डोक्याच्या मागे-पुढे दुखू लागते, चाल अडखळते, शेजारच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन चेहरा बधिर होतो, त्यानंतर दाब वाढून दृष्टी मंदावते आणि शेवटी गिळणे व श्वसन बिघडते. शेवटची लक्षणे सर्वांत ठळक असली तरी निदानाची किल्ली पहिल्या, जवळजवळ विसरल्या गेलेल्या लक्षणात आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे एक शंका साहजिक आहे. गाठ तोलाच्या तंतूंवर उगवत असेल, तर पहिली तक्रार चक्कर येण्याची का नसते? याचे उत्तर गाठीच्या संथ वाढीत आहे. एका बाजूचा तोल-मज्जातंतू हळूहळू निकामी होत असताना मेंदू दुसऱ्या बाजूचा कान, डोळे आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संकेतांवर अधिकाधिक भिस्त ठेवायला शिकतो. ही भरपाई इतकी परिपूर्ण असते की, काळोखात किंवा उंचसखल जमिनीवर चालेपर्यंत उणीव लक्षातही येत नाही. ऐकण्याच्या बाबतीत अशी भरपाई होत नाही. परंतु दुसरा कान चांगला असल्याने रुग्ण तिकडे दुर्लक्ष करतो.

कुशिंग–डँडी वाद : अर्धे काढावे की सर्व?

आतून पोखरून काढलेली गाठ पुन्हा वाढत असे आणि अनेक रुग्णांना काही वर्षांनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे किंवा ते दगावत. जॉन्स हॉपकिन्स येथे पूर्वी कुशिंग यांच्याच हाताखाली काम केलेल्या वॉल्टर डँडी यांनी १९२२ मध्ये गाठ आवरणासह संपूर्ण काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्राथमिक निवेदन प्रसिद्ध केले. आपल्या कार्याचे ऋण त्यात मान्य केलेले नाही, असे वाटून कुशिंग संतप्त झाले आणि दोघांमधील आधीच ताणलेले संबंध अधिक बिघडले. पुढे डँडी यांनी केवळ एका बाजूने कवटी उघडून ही शस्त्रक्रिया केली. १९४१ च्या त्यांच्या वृत्तांतात मृत्युदर सुमारे ११ टक्के होता.

या वादाचा व्यक्तिगत भाग इतिहासकारांना आकर्षक वाटतो. परंतु त्यामागील तात्त्विक प्रश्न अधिक मोलाचा आहे. कुशिंग यांच्या दृष्टीने यश म्हणजे रुग्ण टेबलावरून जिवंत उठणे. डँडी यांच्या दृष्टीने यश म्हणजे रोग पुन्हा न होणे. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने योग्य होते. त्या पिढीने डँडी यांच्या बाजूने कौल दिला. मात्र त्याची किंमत बहुतेक रुग्णांना चेहऱ्याच्या अर्ध्या भागाच्या कायमच्या लुळेपणाने मोजावी लागली. संपूर्ण गाठ काढूनही चेहऱ्याचा मज्जातंतू वाचू शकतो, हे ह्यू केर्न्स यांनी १९३१ मध्ये एका रुग्णाच्या आधारे दाखविले. तथापि, ते नित्याचे होण्यासाठी तो तंतू नीट दिसणे आवश्यक होते.

सूक्ष्मदर्शकाचे आगमन आणि चेहऱ्याचा प्रश्न

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाचा वापर प्रथम कानाच्या शल्यचिकित्सेत झाला. स्टॉकहोमच्या कार्ल न्यूलेन यांनी १९२१ मध्ये त्याची सुरुवात केली आणि १९५३ मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस हे मूळचे दंतवैद्य; नंतर ते कानाचे शल्यचिकित्सक झाले. दंतवैद्याच्या हातातील वेगाने फिरणारे यंत्र, पाण्याची सततची धार आणि सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्याने त्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी कानाच्या हाडातून गाठीपर्यंत जाण्याचे दोन मार्ग विकसित केले. पैकी एक मार्ग पान्से व क्विक्स यांनी सुचविलेलाच होता. मेंदूच्या शल्यचिकित्सकांकडून त्यांना विरोध सहन करावा लागला. परंतु विल्यम हिट्सेलबर्गर या मेंदू-शल्यचिकित्सकाने त्यांना साथ दिली. १९६४ मध्ये त्यांचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि कान व मेंदू या दोन शाखांनी एकाच टेबलाशी उभे राहण्याची प्रथा रुजू लागली.

चेहऱ्याचा मज्जातंतू हाडात नेमका कोठे आहे हे आधी शोधून मग गाठ सोडवायची, या क्रमामुळे चेहरा वाचविणे हे आता अपवादात्मक राहिले नाही. १९७९ मध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच या तंतूवर विद्युत-यंत्राने लक्ष ठेवण्याची पद्धत मांडण्यात आली. यशाची व्याख्या पुन्हा एकदा रुंदावली. मात्र हाउस यांच्या दोन मार्गांपैकी आतील कानातून जाणारा मार्ग त्या बाजूचे ऐकणे कायमचे संपवितो, तर ऐकणे वाचविण्याची संधी देणारा दुसरा मार्ग प्रामुख्याने लहान गाठींनाच उपयोगी पडतो. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला : गाठ लहान असतानाच ती सापडणार कशी?

प्रतिमा, किरण आणि थांबण्याचा निर्णय

१९७१ मध्ये लंडनजवळील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. १९७० च्या दशकात ध्वनीला मस्तिष्कस्तंभाकडून मिळणाऱ्या विद्युत-प्रतिसादाची चाचणी निदानासाठी वापरात आली. १९८० च्या दशकात एमआरआय आणि १९८८ पासून गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळविणारे द्रव्य उपलब्ध झाल्यावर काही मिलिमीटर आकाराच्या गाठीही दिसू लागल्या.

दरम्यान, स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये कवटी न उघडता अनेक दिशांनी येणारे किरण एका बिंदूवर केंद्रित करण्याची कल्पना मांडली होती. १९६८ मध्ये त्यांचे गॅमा नाइफ यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६९ मध्ये या गाठीवर त्याचा प्रथम उपयोग करण्यात आला. येथेही यशाची व्याख्या बदलली. किरणांनी गाठ नाहीशी होत नाही. तिची वाढ थांबते. प्रारंभीच्या मोठ्या मात्रांमुळे चेहऱ्याच्या व श्रवणाच्या मज्जातंतूंना इजा होत असे. १९९० च्या दशकात मात्रा १२ ते १३ ग्रेपर्यंत खाली आणण्यात आली, तेव्हा चेहऱ्याला होणारी इजा दुर्मिळ झाली. भारतात १९९७ मध्ये मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथे गॅमा नाइफची सोय झाली.

लहान गाठी दिसू लागल्याने एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. डेन्मार्कमध्ये या आजाराच्या राष्ट्रव्यापी नोंदी ठेवल्या जातात. त्यांनुसार निदानाचे प्रमाण १९७६ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ३ होते. २०१० नंतरच्या दशकात ते ३० च्या वर गेले. आजार दहापट वाढला असे मानण्यापेक्षा तो दिसू लागला, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक आहे. त्याच देशातील ५५२ रुग्णांचा निरीक्षणात्मक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोगद्याच्या आतच असलेल्या गाठींपैकी केवळ १७ टक्के, आणि बाहेर आलेल्या गाठींपैकी सुमारे २९ टक्के गाठी निरीक्षणकाळात वाढल्या. शंभर वर्षे ज्या गाठीला ‘वाढतच जाणारी’ समजले गेले, त्या गाठींतील बहुसंख्य निदानानंतर तेवढ्याच राहिल्या.

नॉर्वेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या, लहान व मध्यम गाठींच्या १०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन समान गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला लगेच किरणोपचार देण्यात आले. दुसऱ्या गटावर केवळ लक्ष ठेवण्यात आले. चार वर्षांनंतर पहिल्या गटातील गाठींचे सरासरी आकारमान मूळच्या ०.८७ पट, तर दुसऱ्या गटात १.५१ पट झाले होते. दुसऱ्या गटातील २१ रुग्णांना गाठ वाढल्यामुळे नंतर किरणोपचार द्यावे लागले. २८ जणांना कोणताही उपचार लागला नाही. ऐकणे, तोल व जीवनमान यांच्या जवळजवळ सर्व कसोट्यांवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गाठ आणि रुग्ण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. गाठ आटोक्यात आली म्हणून रुग्णाचे ऐकणे टिकेलच असे नाही.

दोन्ही कानांचा प्रश्न

विशार्ट यांनी वर्णन केलेल्या, दोन्ही बाजूंना गाठी असणाऱ्या आजाराचा इतिहास स्वतंत्रपणे पाहावा लागतो. १९३० मध्ये गार्डनर व फ्रेझियर यांनी एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांतील बहिरेपणाचा अभ्यास करून हा आजार आनुवंशिक असल्याचे दाखविले. १९९३ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे बाविसाव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक शोधले. या जनुकापासून बनणारे ‘मर्लिन’ हे प्रथिन श्वॉन पेशींच्या वाढीला लगाम घालते. ते नसले की लगाम सुटतो. एका बाजूच्या नेहमीच्या गाठींतही बहुधा हेच जनुक बिघडलेले आढळते. फरक एवढाच की तेथे बिघाड जन्मजात नसतो.

दोन्ही कान जाण्याची शक्यता असलेल्या या रुग्णांसाठी संपूर्ण गाठ काढण्याचा आग्रह अनेकदा निरर्थक ठरतो. हाउस व हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये अशा एका रुग्णाच्या मस्तिष्कस्तंभावर थेट विद्युत-संकेत देणारे साधन बसविले. २००९ मध्ये बेव्हॅसिझुमॅब या औषधाचा उपयोग केलेल्या १० रुग्णांपैकी ९ जणांच्या गाठी आकसल्या आणि ज्यांचे ऐकणे मोजता येण्याजोगे होते अशा ७ जणांपैकी ४ जणांचे ऐकणे सुधारले, असा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रुग्णसंख्या लहान असली, तरी सँडिफोर्ट यांनी औषधाच्या आवाक्याबाहेर मानलेल्या गाठीवर औषधाचा परिणाम दिसला, ही घटना ऐतिहासिक होय.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, या आजाराच्या इतिहासात यशाची व्याख्या ओळख, प्राण, संपूर्ण निर्मूलन, चेहरा, श्रवण आणि अखेर जीवनमान अशा क्रमाने बदलत गेली. प्रत्येक नवी व्याख्या आधीची उद्दिष्टे बऱ्याच अंशी साध्य झाल्यानंतरच शक्य झाली. त्यामुळे पूर्वसूरींना आजच्या कसोटीवर दोषी ठरविणे अन्यायाचे होईल.

दुसरी गोष्ट अशी की, वैद्यकातील पराभूत मते कायमची बाद होत नाहीत. पान्से व क्विक्स यांची सोडून दिलेली वाट हाउस यांनी पुन्हा खुली केली. कुशिंग यांनी जाणीवपूर्वक गाठीचा भाग मागे ठेवला, म्हणून पुढील पिढीने त्यांना मागे टाकले. परंतु मोठ्या गाठीचा चेहऱ्याच्या मज्जातंतूला चिकटलेला अंश मुद्दाम ठेवून त्यावर लक्ष ठेवणे किंवा किरणोपचार करणे हा आज मान्य पर्याय आहे. कुशिंग यांना नाइलाजाने जे करावे लागले, ते आता विचारपूर्वक निवडले जाते.

तिसरी गोष्ट भारतीय संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. भारतातून प्रसिद्ध झालेल्या शस्त्रक्रियांच्या वृत्तांतांमध्ये मोठ्या गाठींचे प्रमाण लक्षणीय दिसते. म्हणजेच प्रतिमातंत्र उपलब्ध असूनही अनेक रुग्ण कुशिंग यांच्या रुग्णांप्रमाणे उशिराच पोहोचतात. एका कानाने कमी ऐकू येणे हे वयाचे, सर्दीचे किंवा मळाचे लक्षण समजून सोडून दिले जाते. गाठ लहान असताना लक्ष ठेवणे, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया हे तिन्ही पर्याय रुग्णापुढे खुले असतात. ती मस्तिष्कस्तंभाला रेटू लागली की निवड उरत नाही. दोन कानांच्या ऐकण्यात कारणाशिवाय फरक पडला असेल, तर श्रवणचाचणी आणि गरज पडल्यास एमआरआय करून घेणे, एवढ्या साध्या दक्षतेवर ही निवड अवलंबून असते. १९१७ मध्ये कुशिंग यांनी रुग्णाला विचारलेला पहिला प्रश्न ऐकण्याविषयीचा होता. तो प्रश्न वेळेवर विचारण्याची गरज आजही कमी झालेली नाही.